सांख्यिकीय खोली आणि आंशिक अवकल समीकरणे

बहुचल आधारसामग्रीत एखादा बिंदू समूहाच्या किती आत आहे, हे सांगणारे माप म्हणजे सांख्यिकीय खोली. एकाच चलाच्या संख्या चढत्या क्रमाने मांडल्या की मध्यक मिळतो आणि थोडी निरीक्षणे बिघडलेली असली तरी तो फारसा हलत नाही. प्रतलात किंवा त्याहून अधिक मितींत असा उपजत क्रम नसतो. प्रत्येक अक्षावरचा मध्यक वेगवेगळा काढला, तर अक्ष फिरवताच उत्तर बदलते. ही अडचण दूर करण्यासाठी खोलीच्या व्याख्या पुढे आल्या.

जॉन टुकी यांची व्याख्या १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. बिंदूतून जाणाऱ्या रेषेने समूहाचे दोन भाग पडतात. रेषा सर्व दिशांना फिरवून पाहता जो भाग सर्वांत लहान निघेल, त्याचा समूहातील वाटा म्हणजे त्या बिंदूची खोली. ही खोली ज्या वेगाने वाढते तो वेग, हा सर्वांत लहान भाग देणाऱ्या रेषेवरील संभाव्यता घनतेच्या संकलाइतका असतो. म्हणजे टुकींची खोली हॅमिल्टन-याकोबी प्रकारच्या आंशिक अवकल समीकरणाशी जोडलेली आहे. मात्र एरवीच्या समीकरणांना बिंदूजवळची माहिती पुरते, इथे संपूर्ण रेषा लागते.

दुसरी रीत सोलण्याची. बिंदूसमूहाचे बाह्य बहिर्वक्र कवच काढून टाकायचे, उरलेल्याचे पुन्हा काढायचे, कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे. तबकडीत यदृच्छ विखुरलेल्या n बिंदूंना असे सुमारे n²ᐟ³ थर असतात. जेफ काल्डर आणि चार्ल्स स्मार्ट यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष या विषयातला सर्वांत देखणा म्हणावा लागेल: बिंदू अगणित होत गेले की थरांच्या कडा एका वक्रता-प्रवाहाचे पालन करतात. प्रतलात कडेचा आत सरकण्याचा वेग वक्रतेच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो आणि घनता जास्त तिथे तो मंदावतो. घनमूळच का? अक्ष तिरपे केले वा मोजमापाची एकके बदलली तरी खोली बदलू नये, अशी संख्याशास्त्रज्ञाची अपेक्षा असते. वक्रतेच्या घातांपैकी ती याच घाताने पुरी होते. प्रतिमा-संस्करणात हाच प्रवाह १९९० च्या दशकात याच गुणासाठी स्वीकारला गेला होता.

तरीही समीकरणाच्या सौंदर्यावरून पद्धतीची दृढता ठरवू नये. d मितींत सोलून मिळणारा मध्यक बिघडवायला निरीक्षणांचा फार तर १/(d+१) भाग दूषित व्हावा लागतो. सममित वितरणात टुकी मध्यक, म्हणजे सर्वाधिक टुकी-खोलीचा बिंदू, मात्र कोणत्याही मितीत सुमारे एक-तृतीयांश दूषणापर्यंत टिकतो.