मुद्दाम घातलेली दुर्गंधी

‘गॅसचा वास येतोय’ म्हणत ज्या वासापायी घाईघाईने खिडक्या उघडल्या जातात, तो गॅसचा नसतोच. सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्यूटेनला स्वतःचा वास जवळजवळ नाही. सडक्या कोबीसारखी ती घाण मुद्दाम घातलेली असते. तिचं नाव इथाइल मरकॅप्टन. गंधकाचं हे संयुग कोपनहेगनच्या विल्यम झाइझ या रसायनशास्त्रज्ञाने १८३४ मध्ये जगापुढे मांडलं. हवेच्या अब्ज भागांत त्याचा एखादा भाग असला, तरी नाकाला पुरतो.

गॅसमध्ये ते मिसळण्याची युक्ती जर्मनीत १८८०च्या दशकातच निघाली होती. तिची सक्ती व्हायला मात्र टेक्सासमधली एक शाळा उद्ध्वस्त व्हावी लागली.

न्यू लंडन हे तेलविहिरींच्या पैशावर गबर झालेलं गाव, आणि शाळाही तशीच. तरीही गॅसचं बिल वाचवायला तिने तेल कंपनीच्या पाइपातून जोडणी घेतली. विहिरीतून तेलाबरोबर निघणारा, एरवी जाळूनच टाकायचा हा गॅस फुकट होता आणि बिनवासाचा. गळती होऊन तो इमारतीखालच्या पोकळीत साठत गेला. कुणाला पत्ता लागला नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी सव्वातीनच्या सुमारास कार्यशाळेतल्या लाकूड घासायच्या यंत्रातून ठिणगी उडाली. जवळपास तीनशे जीव गेले, बहुतेक मुलांचे. काही आठवड्यांतच टेक्सासने गॅसला वास देणं कायद्याने बंधनकारक केलं.

कॅलिफोर्नियात या वासाला वेगळेच गिऱ्हाईक भेटले. युनियन ऑइलच्या कामगारांच्या लक्षात आलं, की पाइपलाइन जिथे गळते, तिथे टर्की व्हल्चर जातीची गिधाडं घिरट्या घालतात. कुजणाऱ्या मांसातूनही मरकॅप्टन सुटतं आणि ही गिधाडं वासावर भक्ष्य शोधतात. गळती शोधणारा असा बिनपगारी कामगार कोणत्या कंपनीला नको असेल?

खाणींतही या वासाचा उपयोग झाला. आग लागली, की आत जाणाऱ्या हवेत ही दुर्गंधी सोडायची. यंत्रांच्या खडखडाटात भोंगा ऐकू न येणाऱ्या खाणकामगारालाही इशारा मिळतो.

अर्थात नाकावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. नव्या किंवा आतून गंजलेल्या टाकीत मरकॅप्टन हळूहळू नाहीसं होतं, आणि सर्दी झालेल्याला ते असूनही कळत नाही. म्हणून गळतीसूचक यंत्र लावतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तेव्हा ते जमिनीलगत हवं. मुंबई-पुण्यात पाइपाने येणारा नैसर्गिक वायू हलका, त्यासाठी छताजवळ.