दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची गणना : पेण व रोहे तालुके
शासकीय कल्याणयोजनांच्या लाभासाठी अल्प उत्पन्न कुटुंबांची नोंद करण्याची पद्धती व तीवरून सिद्ध होणारी आकडेवारी. या आकडेवारीचे दोन भिन्न प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात नमुना पाहणीवरून गरिबांचे प्रमाण अनुमानाने ठरविले जाते. त्यात कोणत्याही कुटुंबाचे नाव नसते. दुसऱ्या प्रकारात घरोघर जाऊन कुटुंबांची यादी करतात आणि तिच्या आधारे धान्य, अनुदान, घरकुल इत्यादींचा लाभ देतात. पहिला प्रकार राज्याच्या पातळीवर उपयुक्त ठरतो. परंतु नमुन्यात एकेका तालुक्यातील कुटुंबे फारच थोडी येत असल्यामुळे तालुक्याचे दारिद्र्य त्यावरून सांगता येत नाही. तेथे यादीचाच आधार घ्यावा लागतो. यादी आणि वस्तुस्थिती यांत अंतर कसे पडते, हे रायगड जिल्ह्यातील (१ जानेवारी १९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पेण व रोहे या तालुक्यांत स्पष्टपणे दिसून येते.

नमुना पाहणीचा पाया १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने घातला. प्रशांतचंद्र महालनोबीस हे तिचे प्रवर्तक होत. तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख (१८९६–१९८२) यांचे तिला पाठबळ लाभले. त्यांचे घराणे रोह्याचे होय. या पाहणीच्या उपभोगखर्चविषयक माहितीवरून वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २,२५० उष्मांकांचा आहार परवडेल इतका खर्च ही त्यांनी मर्यादा मानली. १९६०-६१ च्या किंमतींनुसार ती ग्रामीण भागात दरमहा १५ रु. व नागरी भागात २२·५० रु. होती. तीनुसार ग्रामीण लोकसंख्येपैकी सु. ४० टक्के व नागरी लोकसंख्येपैकी सु. ५० टक्के लोक गरीब ठरले. पुढे तेंडुलकर समितीच्या (२००९) पद्धतीप्रमाणे महाराष्ट्रातील गरिबांचे प्रमाण २००४-०५ मध्ये ३८·१ टक्के, तर २०११-१२ मध्ये १७·४ टक्के अनुमानिले गेले.

यादीचा इतिहास निराळा आहे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व विकासगटांत लागू झाला व त्यासाठी गरीब कुटुंबांची निवड करणे आवश्यक ठरले. सहाव्या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३,५०० रु. होती, १९९२ च्या पाहणीत ती ११,००० रुपयांवर आली. मजुरी, मासेमारी व वनोपज यांवर जगणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न अचूक सांगता येत नाही, ही या पद्धतीची मुख्य अडचण होती. म्हणून २००२ च्या पाहणीत जमीन, घर, वस्त्रे, अन्नसुरक्षा, कर्ज, स्थलांतराचे कारण इ. तेरा निकष ठरवून प्रत्येकास ० ते ४ गुण देण्यात आले. गुण जितके कमी, तितके कुटुंब अधिक गरीब. मात्र गरिबांची एकूण संख्या आधीच्या अनुमानाशी जुळविण्याचे बंधन असल्यामुळे, किती गुणांपर्यंतची कुटुंबे यादीत घ्यावयाची, हे त्या संख्येवरून ठरू लागले.

पेण व रोहे तालुक्यांत खाडीकाठची खारजमीन, भातशेतीची गावे व डोंगरातील आदिवासी वाड्या जवळजवळ नांदतात. पेणनजीक डोलवी येथे पोलादाचा कारखाना, तर रोह्यानजीक धाटाव येथे रासायनिक उद्योगांची वसाहत आहे. अशा ठिकाणी सरासरी उत्पन्नाच्या आकड्यात वाड्यांचे दारिद्र्य झाकले जाते. येथील कातकरी (काथोडी) जमातीचा केंद्र शासनाने आदिम जमातींत समावेश केला आहे. अनेक कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवर कामासाठी जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मजुरीसाठी करावे लागणारे स्थलांतर हा २००२ च्या निकषांत गरिबीचा पुरावा होता; पण स्थलांतरित कुटुंब पाहणीच्या वेळी घरी नसल्यास त्याची नोंदच राहून जाण्याचा संभव असे. घराखालची जागा दुसऱ्याच्या नावावर असल्यामुळे रहिवासाचा दाखला मिळविणे हीदेखील अनेकांपुढील अडचण ठरली.

महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका देण्यात आल्या : वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी व त्याहून अधिक उत्पन्नास पांढरी. २५ डिसेंबर २००० रोजी अंत्योदय अन्न योजना सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००३ च्या आदेशान्वये आदिम जमातींच्या कुटुंबांना अंत्योदय शिधापत्रिका देण्याचे निर्देश दिले. त्यामुळे कातकरी कुटुंबाचा हक्क गुणांवर अवलंबून न राहता जमातीवर आधारला गेला. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेतही आदिम जमातींचा आपोआप समावेश करण्याची तरतूद होती.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम (२०१३) महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून अंमलात आला. त्यानुसार राज्यातील ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६·३२ टक्के व नागरी लोकसंख्येपैकी ४५·३४ टक्के, म्हणजे सु. ७ कोटी लोकांचा इष्टांक ठरला. अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किग्रॅ. व प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस ५ किग्रॅ. धान्य देय आहे. प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रु. व नागरी भागात ५९,००० रु. ठरविण्यात आली. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी न झाल्यामुळे २०११ च्या लोकसंख्येवर बेतलेला इष्टांक पुढेही चालू राहिला.

प्रत्येक योजनेचा मापदंड स्वतंत्र असल्याने एकच कुटुंब एका यादीत गरीब, तर दुसरीत अपात्र ठरू शकते. बॅ. अ. र. अंतुले या रायगड जिल्ह्यातीलच मुख्यमंत्र्यांच्या कारकीर्दीत १९८० मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेची उत्पन्नमर्यादा दीर्घकाळ २१,००० रु. होती. साहजिकच अन्नसुरक्षेस पात्र असलेली विधवा या अनुदानास अपात्र ठरण्याचा संभव होता. याउलट रोजगार हमी योजनेत यादीची गरजच नव्हती. अंगमेहनतीचे काम मागणारा तो गरजू, हे तिचे तत्त्व होते.

यास्तव तालुक्यातील लाभार्थी कुटुंबांची संख्या म्हणजे तेथील गरीब कुटुंबांची संख्या नव्हे. निकष, इष्टांक, कागदपत्रे व पाहणीचा हंगाम या चार गोष्टींनी ती घडते. संख्या घटली म्हणजे दारिद्र्य घटले, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी यांपैकी काय बदलले, हे पाहणे आवश्यक असते. वाडीतील जे घर पाहणीच्या दिवशी बंद होते, ते त्या संख्येत कोठेच दिसत नाही.