स्वतःबद्दल बोलायचं म्हणजे... : विष्णुदास भावे आणि आपला संकोच

मागच्या वर्षी एका चर्चासत्रात चहाच्या सुट्टीत मी कप धरून खांबाला टेकून उभा होतो. मला हवी असलेली जुनी वर्तमानपत्रं ज्यांनी वर्षानुवर्षं चाळली होती, ते अभ्यासक दहा पावलांवर होते. पण आपणहून जाऊन काय सांगायचं? उगाच मिरवल्यासारखं वाटेल. गेलो नाही. पुढे त्याच फायलींचा पत्ता लावण्यात माझे चार महिने गेले.

गंमत म्हणजे माझा विषयच नाटकमंडळ्यांचा. त्यामुळे मनात आलं, की हा संकोच त्यांनाही होता का?

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. प्रेक्षक दरबारचे, खर्च दरबारचा. तिथे भाव्यांना स्वतःची ओळख करून द्यायची गरजच नव्हती. राजाची मर्जी हीच ओळख. म्हणजे ओळखीपाळखी तेव्हाही लागत होत्याच, फक्त त्या एकाच माणसात एकवटलेल्या होत्या.

१८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि तो आधार गेला. भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांचे तिकीट लावून प्रयोग झाले. इथे प्रेक्षक अनोळखी, काही तर मराठी न समजणारे. मग जाहिरात आली.

त्या काळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या अशा ‘हिंदू नाटकां’च्या जाहिराती वाचताना एक गोष्ट लक्षात येते. ‘आम्ही फार थोर’ हा त्यांचा मुख्य सूर नाही. कथानक जुन्या संस्कृत ग्रंथांतलं आहे, त्यात असभ्य काही नाही, प्रयोग कुठे, कधी, असा मजकूर. अनोळखी माणसाच्या मनातल्या शंकांना दिलेली ती उत्तरं आहेत.

आता आपल्या रत्नागिरीकडे या. जाखडीच्या सामन्यात, म्हणजे शक्ती-तुऱ्यात, शाहीर आपलं नाव गाण्यातच गुंफतो. पण ते एकटं येत नाही. गुरूचं नाव, घराणं, गाव यांच्या सोबतीने येतं. त्याला कुणी बढाईखोर म्हणत नाही. उलट नाव न घेणारा शाहीर कुणाचा, कुठला, हे समोरच्या फळीला कळणार कसं?

म्हणून मला वाटतं, ‘कलावंताने फक्त काम करावं, बाकी आपोआप होतं’ हे म्हणणं इतिहासात फारसं टिकत नाही. जिथे ‘आपोआप’ झाल्यासारखं दिसतं, तिथे बहुतेक वेळा पाठीशी कुणीतरी राजा, गुरू किंवा गाव उभं असतं. ज्याच्या पाठीशी कुणी नाही, त्याला गप्प राहणं सगळ्यात महाग पडतं. लहान गावातून, घरात पहिल्यांदाच संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

मी आता तीन वाक्यं पाठ करून जातो : कुणाच्या हाताखाली आणि कुठून आलो, माझा प्रश्न काय, आणि मला नेमकं काय शोधायचंय. पहिलं वाक्य शाहिराकडून घेतलं, उरलेली दोन जाहिरातींकडून. छातीत धडधड अजून होते. पण खांबाला टेकून उभं राहणं मात्र सोडलंय.