न बिघडणारं तेल

इंजिनिअरिंगला पॉवर फॅक्टर शिकवताना बिअरच्या ग्लासची उपमा हमखास येते. बिअर म्हणजे कामाची वीज, वरचा फेस म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर. मला ही उपमा अर्धवट वाटते, कारण हा फेस फालतू नसतो. मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र उभं राहायला तो लागतोच. प्रश्न इतकाच, की तो लांबच्या वीजकेंद्रातून तारांवाटे आणायचा की मोटरशेजारीच सोय करायची.

ही सोय म्हणजे कपॅसिटर. पॉवर फॅक्टर ०.७ वरून ०.९५ वर नेला, तर तेवढ्याच कामासाठी तारांमधला करंट सुमारे २६ टक्क्यांनी उतरतो आणि तारा तापण्यात वाया जाणारी वीज जवळपास निम्मी होते. मोटर स्वतः कमी वीज खात नाही, बचत होते ती तारांत आणि बिलात.

सुरुवातीच्या कपॅसिटरमध्ये कागद, धातूची फॉइल आणि खनिज तेल असायचं. तेल पेट घ्यायचं. अमेरिकेत १९२९ पासून पीसीबी नावाची रसायनं बाजारात आली. ती सहजी पेटत नाहीत, वर्षानुवर्षं बिघडत नाहीत, शिवाय डबाही लहान होतो. इंजिनिअरला आणखी काय हवं?

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी फोर्ट एडवर्ड आणि हडसन फॉल्स ही दोन छोटी गावं आहेत. तिथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यांत असे कपॅसिटर बनत. १९४७ ते १९७७ या काळात तिथून १३ लाख पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ५९० टन, पीसीबी नदीत गेलं असावं, असा अमेरिकी पर्यावरण खात्याचा अंदाज आहे. डब्यात जो गुण होता, तोच नदीत विष झाला. न बिघडणारं तेल गाळात बसलं, गाळातल्या किड्यांतून माशांत गेलं आणि माशांतून माणसांच्या ताटात. १९७३ मध्ये फोर्ट एडवर्डचं जुनं धरण काढलं, तेव्हा त्यामागे साठलेला गाळ आणखी खाली वाहिला. १९७६ मध्ये नदीच्या वरच्या पट्ट्यात मासेमारीच बंद करावी लागली. त्याच वर्षीच्या सुनावणीत दोष कंपनीवर ठेवला गेला, तसा तिच्याकडे बघत बसलेल्या सरकारी यंत्रणेवरही.

अमेरिकेत पीसीबीच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. नदीतला गाळ उपसायला मात्र २००९ उजाडलं. २०१५ पर्यंत सुमारे २१ लाख घनमीटर गाळ काढला गेला. तीस वर्षांत कारखानोकारखानी वाचलेल्या विजेच्या हिशेबात हा खर्च कुणी धरला होता? आम्ही सॉफ्टवेअरवाले याला टेक्निकल डेट म्हणतो, पण आमचं कर्ज निदान माशांच्या पोटात जात नाही.

आजच्या कपॅसिटरमध्ये प्लास्टिकची फिल्म असते, पीसीबी नसतं. जुने डबे मात्र जगभर शिल्लक आहेत. स्टॉकहोम करारात, ज्यात भारतही आहे, पीसीबी असलेली उपकरणं वापरातून काढायला २०२५ आणि त्यांची नीट विल्हेवाट लावायला २०२८ ही मुदत ठरली. त्यामुळे कारखान्याच्या अडगळीत एखादा पन्नास वर्षांपूर्वीचा, तेल पाझरणारा कपॅसिटर दिसला, तर तो भंगारात घालण्याआधी त्यातल्या तेलाची तपासणी करून घ्यावी लागते.