जोडफोटोचा धंदा

जबलपूरमधल्या कांचघरच्या आमच्या घरात आजी-आजोबांचा जोडीनं काढलेला एक फोटो आहे. तो बनला तेव्हा आजोबा हयात नव्हते. गन कॅरेज फॅक्टरीच्या ग्रुप फोटोतला त्यांचा चेहरा उचलून स्टुडिओवाल्यानं तो कोटातल्या एका परक्या धडावर बसवला आणि शेजारी आजीला आणलं. आजीला हे ठाऊक होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ठाऊक होतं. फोटोला हार घालायचा तर अर्ध्याच फोटोला कसा घालायचा, हा पेच मात्र कुणाला सुटला नाही. आजी गेल्यावरच त्याला हार मिळाला.

मी सध्या संगणकावर अशीच जोडाजोड शिकते आहे. मदनमहालच्या टेकडीवरचा बॅलन्सिंग रॉक १९९७ च्या भूकंपातही हलला नाही. मी तो उचलून भेडाघाटच्या धुवांधार धबधब्यावर अधांतरी ठेवते. मैत्रिणी म्हणतात, काय डोकं चालवलंस! पण हे डोकं जुनंच आहे.

आमच्या मोहल्ल्यात एक काका आहेत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी स्टुडिओत टचिंग केलं. पेन्सिलीचं शिसं सुईसारखं घासून निगेटिव्हवरचे सुरकुत्यांचे माग भरायचे. जोडफोटोसाठी छापील फोटोतला माणूस ब्लेडनं कापायचा, कागदाची कड मागून पॉलिशपेपरनं घासून पातळ करायची, दुसऱ्या फोटोवर चिकटवायचा, बारीक ब्रशनं शिवण बुजवायची आणि त्या सगळ्याचा नव्यानं फोटो काढायचा. मूळ चिकटवलेला कागद गिऱ्हाईकाच्या नजरेला पडत नसे. माझं पहिलं चित्र पाहून काका एवढंच म्हणाले, "बेटा, कापता कुणालाही येतं. नाकाची सावली कुठल्या बाजूला पडली ते आधी बघ."

हे काम जवळजवळ फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. १८५७ साली ऑस्कर रेलांडरनं तीसेक निगेटिव्ह जुळवून एक भलंमोठं चित्र केलं आणि ते मँचेस्टरच्या प्रदर्शनात मांडलं. पुढच्या वर्षी हेन्री पीच रॉबिन्सननं पाच निगेटिव्ह जोडून मरणपंथाला लागलेली मुलगी दाखवली. फोटोनं असं खोटं बोलावं का, यावर तेव्हाही भांडणं झालीच.

मुंबईतही हे लवकरच सुरू झालं. विल्यम जॉन्सन हा मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. १८६३ ते १८६६ या काळात मुंबईच्या जातीजमातींवरचे त्याचे दोन खंड लंडनमध्ये निघाले. त्यातली माणसं एकीकडे टिपलेली आणि मागचं दृश्य दुसरीकडचं. माणसं कापून देवळांसमोर, निसर्गदृश्यांसमोर चिकटवलेली. पाहणाऱ्यानं मात्र हे फोटो त्या लोकांचा दाखला म्हणून पाहायचे. मला रेलांडरपेक्षा ही जोड जास्त खटकते, कारण इथं ती माहिती म्हणून समोर येते.

याच्या अगदी उलट वाटेनं गेले दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेला हा माणूस जे. जे.मधून बडोद्याच्या कलाभवनात गेला. तिथं तो फोटोग्राफी आणि छपाईची तंत्रं शिकला, पुढं रविवर्म्याच्या छापखान्यासाठी फोटोलिथोचं काम केलं. शिवाय आडनावाची अक्षरं उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावानं तो जादूचे प्रयोगही करायचा. 'कालिया मर्दन' या फाळक्यांच्या १९१९ च्या सिनेमात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. सिनेमाच्या सुरुवातीला ती आधी साधी मुलगी म्हणून समोर येते, चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग तिथंच विरघळून कृष्ण होते. त्या काळी अशा दृश्यासाठी पहिलं चित्रण मंदावत न्यायचं, फिल्म मागं फिरवायची आणि त्याच पट्टीवर दुसरं चढवायचं. फाळक्यांनी जोड झाकली नाही, आधी मुलगी दाखवली आणि मग देव. तरी लोकांनी हात जोडले.

आपल्याकडच्या गावोगावच्या स्टुडिओंनी हीच वाट धरली. ख्रिस्तोफर पिनी या अभ्यासकानं आमच्याच मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या स्टुडिओंवर लिहिलं आहे. त्याच्या 'कॅमेरा इंडिका' (१९९७) या पुस्तकात एकच माणूस एका चौकटीत दोनदा उभा असलेले फोटो आहेत. फसवणूक कुणाचीच नव्हती. गिऱ्हाईक स्वतःच पैसे मोजून अशक्य गोष्ट मागायला येत होतं. चित्रकार विवान सुंदरम यांनीही २००१ च्या सुमारास आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले घरचे फोटो संगणकावर एकमेकांत मिसळले, मावशी अमृता शेरगिल आणि बाकीचं घर नव्यानं एकत्र आणलं. ती चित्रं कलादालनात लागली. काकांनी जोडलेली घरं मात्र दिवाणखान्यातच राहिली.

फोटोशॉप १९९० साली आलं, पण त्यात थर, म्हणजे लेयर्स, आले १९९४ मध्ये. तोवर एकदा बसवलेला तुकडा वाळलेल्या खळीसारखा पक्का व्हायचा. मी 'गिंप' वापरते. तो फुकट आहे आणि बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहायला घेतला होता. चूक झाली की थर पुसायचा, ब्लेडची भीती नाही. काकांना याचा हेवा वाटतो, आणि थोडा रागही येतो.

धुवांधारच्या चित्रात त्यांनी दोष काढलाच. खाली एवढा पांढरा फेस उसळतो आहे, मग खडकाचं पोट काळं कसं? पाण्यावरून उजेड वर फेकला जातो, तुषारांनी दगड ओला होतो. ते मी दुरुस्त केलं. आता खडक खरोखरच तिथं तरंगतो आहे असं वाटतं, आणि म्हणूनच चित्राखाली मी 'जोडफोटो' असं ठळक लिहिते. काकांना ते पटत नाही. त्यांचं म्हणणं, हवेतला डोंगर पाहून कोण फसणार? खडकापुरतं ते खरं आहे. पण याच हातांनी उद्या मी कुणाचा चेहरा भलत्या गर्दीत बसवू शकते, आणि तेव्हा हा शब्द लिहायची सवय आधीपासून असलेली बरी.