तपासनिसाचे मौन

बँक बुडाली असे आपण म्हणतो, तेव्हा ती एका दिवसात बुडाली असा आपला समज असतो. वस्तुतः ती पुष्कळ आधीपासून आतून पोखरलेली असते. ठेवीदाराला मात्र ते दाराला टाळे दिसल्यावर कळते. मधल्या काळात जाणत्याने बोलावे की गप्प राहावे?

१९१३ साली लाहोरची पीपल्स बँक बुडाली, तेव्हा आधी जाणणारा असा कोणी अधिकारीच नव्हता. १९४९ च्या बँकिंग कंपनी कायद्याने रिझर्व्ह बँकेला बँकांचे दप्तर तपासण्याचा अधिकार मिळाला आणि त्यासोबत धर्मसंकटही आले. केरळातील पालाई सेंट्रल बँकेच्या कर्जव्यवहारातील दोष तपासणीत एकाहून अधिक वेळा दिसून आले होते. ते जाहीर करावेत, तर दुसऱ्या सकाळी दारात रांग लागून बँक हमखास बुडणार. करू नयेत, तर उद्या आपली पुंजी घेऊन येणारी एखादी विधवा त्या मौनावर विसंबून फसणार. रिझर्व्ह बँकेने सूचना दिल्या, सुधारणेची वाट पाहिली, आणि ८ ऑगस्ट १९६० रोजी स्वतःच उच्च न्यायालयात ती बँक बंद करण्याचा अर्ज केला. केरळात संतापाची लाट उसळली. आजच का, असे काहींनी विचारले. इतक्या उशिरा का, असे इतरांनी. मला दोन्ही प्रश्न रास्त वाटतात. 'तूर्त वाट पाहावी' हा शेरा किती सोयीचा असतो, हे सरकारी दप्तरात वावरलेल्यास ठाऊक असते. मीही तो लिहिला आहे.

त्याच वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँकही बुडाली. मग दुबळ्या बँकेचे व्यवहार काही काळ थोपवून ती दुसरीत विलीन करण्याची तरतूद कायद्यात झाली, आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ सुरू झाले. ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत हमी. हप्ता मात्र बँकेने भरावयाचा.

त्यात एक उणीव राहून गेली. बँक बंद करण्याचा हुकूम निघाल्यावाचून विम्याचे पैसे हाती येत नसत. केवळ निर्बंध असताना ठेवीदार ताटकळतच राही. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि प्रथम खात्यातून हजारच रुपये काढता येऊ लागले, तेव्हा मुंबईकरांनी ते अनुभवले. २०२० साली हमी पाच लाखांवर गेली. निर्बंध लागू झाल्यापासून नव्वद दिवसांत ती रक्कम देण्याची तरतूद व्हायला मात्र २०२१ साल उजाडावे लागले.