नाण्याच्या कडेवरील अर्ज

नाण्यावरील राजाचें नांव आपण वाचतों, त्याची किंमत पाहतों. परंतु ज्यानें त्याचा ठसा कोरला त्याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. आज अशाच एका मुद्राशिल्प्याची ओळख करून द्यावयाची आहे. त्याचें नांव टॉमस सायमन.

इंग्लंडांत राजा व पार्लमेंट यांचें यादवी युद्ध चालू असतां, १६४५ सालीं, पार्लमेंटनें सायमनला टांकसाळीच्या प्रमुख ठसेकारांपैकीं एक म्हणून नेमिलें. १६५० सालीं डनबार येथें क्रॉमवेलचा जय झाला, तेव्हां विजयपदकासाठीं त्याची मुखाकृति रेखाटावयास सायमन एडिंबरोस गेला. पुढें क्रॉमवेलच्या नाण्यांचे ठसेहि त्यानेंच कोरले. १६६० सालीं दुसरा चार्ल्स गादीवर आला. त्यानें अँटवर्पच्या रॉटियर बंधूंस बोलाविलें, आणि १६६२ सालीं यंत्रावर पाडावयाच्या नव्या नाण्यांचे ठसे जॉन रॉटियरकडे सोंपविले.

सायमननें १६६३ सालीं याचें उत्तर दिलें तें चांदीच्या पांच शिलिंगी नाण्यानें. दर्शनी बाजूस राजाचा मुखवटा; त्यांत केसांची बट न् बट निराळी उमटलेली. मागील बाजूस मुकुटधारी चार ढाली. परंतु खरें नवल कडेवर आहे. कडा कातरून चांदी चोरणारांस आळा बसावा म्हणून त्या काळीं मोठ्या नाण्यांच्या कडेवर अक्षरें उमटवूं लागले होते. त्याच कडेवर सायमननें दोन ओळींत, दीडशेंहून अधिक अक्षरांचा, अर्ज घातला: महाराजांनीं हा नमुना त्या डच कारागिराच्या नाण्याशीं ताडून पाहावा, रेखाटन, उठाव, मांडणी व कोरणी यांत तो सरस ठरल्यास आपणास दिलासा द्यावा.

या अर्जांत राजनिष्ठेची ग्वाही नाहीं, पूर्वीच्या चाकरीबद्दल क्षमायाचनाहि नाहीं. ज्या हातानें क्रॉमवेलची मुद्रा कोरली त्याच हातानें चार्ल्सची कोरली होती. धनी बदलला तरी कारागिराची कसोटी त्याचें कामच असावें, एवढेंच त्याचें मागणें होतें.

तें फळास आलें नाहीं. ठसे रॉटियरचेच चालू राहिले. १६६५ सालीं, लंडनमध्यें प्लेगनें थैमान घातलें त्या वर्षीं, सायमन निवर्तला. त्या नाण्याचे मोजकेच नमुने उरले असून त्यांतील एक ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. इंग्लंडच्या सर्वोत्कृष्ट नाण्यांत जाणते पारखी त्याची गणना करितात. रॉटियरचें १६६२ चें नाणें त्याच्या शेजारीं ठेवून सायमननें मागितलेली तुलना आजहि कोणासही करितां येते.